संगणकाच्या खिडकींतील मराठी अक्षरें व त्यांचा हिशेब

मराठी छापखान्यांत ज्यास खिळा म्हणत, तो शिशाचा लहानसा तुकडा आमच्या हल्लींच्या विद्यार्थ्यांपैकीं फारच थोड्यांनीं पाहिला असेल. एका टोकास उलटें अक्षर उठलेलें व बाकीचा भाग चौकोनी कांडीसारखा, असा तो असे. हे खिळे लांकडी पेटीच्या खणांत अक्षरवार ठेवलेले असत. जुळारी एकेक खिळा उचलून ओळ जुळवी, आणि पान छापून झालें म्हणजे तोच खिळा धुऊन पुन्हा त्याच्या खणांत टाकी. या दुसऱ्या कामास पहिल्याइतकेंच महत्त्व होतें. कारण खिळे मोजके असत, व मागच्या पानांत अडकलेले 'क' मोकळे झाल्यावांचून पुढच्या पानास 'क' मिळत नसे.

आतां शिशाचा खिळा गेला. शाळेची पटनोंद संगणकावर असते, आणि गुणपत्रकावरील मुलाचें नांवही तेथूनच उतरतें. त्यामुळें पुष्कळांचा असा ग्रह झालेला दिसतो कीं, संगणकांत अक्षरांना तोटा नाहीं. हवें तेव्हां व हवें तितकें अक्षर पडद्यावर यावें, आणि कोणी त्याचा हिशेब ठेवूं नये. नुसतें लिहिणाऱ्यापुरता हा ग्रह ठीक आहे. परंतु जो विद्यार्थी स्वतः आज्ञावली रचूं लागला आहे, पडद्यावर स्वतःची खिडकी उघडून तींत मराठी नांवें दाखवूं इच्छितो, त्यानें हा ग्रह टाकून दिला पाहिजे. त्याच्या खिडकींतील प्रत्येक अक्षर उसनें असतें. तें कोणाकडे मागावें, मागितलें तेंच मिळालें कीं नाहीं हें कसें पाहावें, आणि काम झाल्यावर परत कसें करावें, एवढाच या पाठाचा विषय आहे.

हा विषय नगरच्या मुलांस अगदींच परका वाटूं नये. अमेरिकन मराठी मिशनचें काम येथें १८३१ च्या अखेरीस सुरू झालें, आणि 'ज्ञानोदय' हें पत्र १८४२ सालीं याच शहरांतून निघूं लागलें. मराठी छापावयाचें तर मराठी खिळे हवेत. मुंबईच्या अमेरिकन मिशन प्रेसमध्यें थॉमस ग्रॅहॅम यांच्या देखरेखीखालीं खिळे ओतण्याचें काम चाले. तेथें लहान वयांत हें काम शिकलेले जावजी दादाजी यांनीं १८६४ त स्वतःचा टाइपचा कारखाना काढला, व १८६९ त निर्णयसागर छापखाना सुरू केला. नागरी खिळ्यांची पेटी इंग्रजी पेटीहून कितीतरी मोठी असे. मूळाक्षर, अर्धें अक्षर, जोडाक्षर, रफार, उकार यांस वेगवेगळे खिळे लागत. मुंबईच्या वळणाचे अ, झ, ण आज संगणकावरही रूढ आहेत. उत्तरेकडील जुन्या छापील पुस्तकांत तींच अक्षरें निराळ्या आकाराचीं दिसतात.

फाँट म्हणजे त्या पेटीचा आजचा अवतार. मात्र तो खिळ्यांनीं भरलेला नसून वर्णनांनीं भरलेला असतो. 'क'ची बाह्यरेषा कोठून कशी वळते हें त्या फाइलींत गणिती रीतीनें लिहिलेलें असतें. म्हणून एकच वर्णन लहान व मोठ्या दोन्ही आकारांस पुरतें. दुसरा भाग क्रमांकांच्या कोष्टकाचा. युनिकोड या जागतिक संकेतांत देवनागरी लिपीस २३०४ पासून २४३१ पर्यंत १२८ जागा दिलेल्या आहेत. 'क' २३२५ वर आहे, 'ल' २३५४ वर. तिसरा भाग नियमांचा: कोणतें अक्षर कोणाशीं कसें जुळतें, ऱ्हस्व वेलांटी कोठें सरकते, रफार कोणाच्या डोक्यावर बसतो. इंग्रजीचें काम पहिल्या दोन भागांवर बहुतेक भागतें. मराठीचें भागत नाहीं.

आपल्या जिल्ह्याच्या नांवावरूनच हें दाखवितां येईल. 'अहमदनगर' या शब्दांत सात अक्षरें असून काना, मात्रा, वेलांटी अथवा जोडाक्षर एकही नाहीं. सात क्रमांक ओळीनें मांडले कीं शब्द पुरा झाला. २०२४ सालीं हें नांव सरकारी रीत्या 'अहिल्यानगर' झालें. या शब्दास दहा क्रमांक लागतात: अ, ह, ऱ्हस्व वेलांटी, ल, हलन्त चिन्ह, य, काना, न, ग, र. वेलांटीचा क्रमांक 'ह'च्या नंतर येतो, पण ती दिसावयाची 'ह'च्या आधीं. आणि ल, हलन्त व य या तिहींचें मिळून एक 'ल्य' व्हावयाचें. जुळणीचे नियम न पाळणाऱ्या खिडकींत वेलांटी 'ह'च्या उजवीकडे जाऊन पडते, 'ल'चा पाय मोडलेला दिसतो, आणि शब्द धड वाचवत नाहीं. म्हणजे ज्यानें पूर्वीं केवळ जिल्ह्याचें नांव पडद्यावर आणून आपली आज्ञावली तपासली असेल, त्यास मराठी नीट उमटतें असा भास होऊन तो निश्चिंत बसला असता. नांव बदलतांच त्याचें उणें उघडें पडलें असतें.

चौदा तालुक्यांचीं नांवें ही याहून चांगली कसोटी आहे. नगर, पारनेर, जामखेड, राहाता हीं नांवें कशाही खिडकींत पार पडतील. पण 'कर्जत' यांत रफार 'ज'वर चढला पाहिजे. 'पाथर्डी'मध्यें तो 'ड'च्या दीर्घ वेलांटीशीं जागा वांटून बसला पाहिजे. 'श्रीगोंदा' व 'श्रीरामपूर' यांत 'श' आणि 'र' मिळून एकच 'श्र' झाला पाहिजे. ही जुळणी विंडोजमध्यें युनिस्क्राइब व त्यानंतर आलेला डायरेक्टराइट करतात, तर लिनक्स व अँड्रॉइडवर बहुधा हार्फबझ करतो. शिवाय 'ल' व 'श' यांचें मराठी वळण हिंदीहून निराळें आहे. कांहीं फाँटांत दोन्ही वळणें ठेवलेलीं असतात. परंतु मजकूर मराठी आहे असें आज्ञावलीनें सांगितलें तरच मराठी वळण पुढें येतें. तसें न सांगतां हिंदी 'ल' उमटला म्हणून फाँटास दोष देणारे लोक आम्ही पाहिले आहेत. तो दोष फाँटाचा नव्हे.

आतां देवघेवीकडे वळूं. विंडोज या प्रणालींत खिडकी रंगविण्याचें एक जुनें व आजही चालू असलेलें खातें आहे, त्यास जीडीआय म्हणतात. आज्ञावलीस फाँट हवा असला म्हणजे ती 'क्रिएटफाँट' या नांवाची विनंती करिते व फाँटाचें नांव, उंची, जाडी इत्यादि कळविते. प्रणाली तिच्या हातीं प्रत्यक्ष फाँट देत नाहीं. एक क्रमांक देते. त्यास इंग्रजींत हँडल म्हणतात. आम्ही येथें त्यास बिल्ला म्हणूं. अक्षरें काढण्यापूर्वीं 'सिलेक्टऑब्जेक्ट'नें हा बिल्ला चित्रफलकास लावावयाचा. त्या वेळीं फलकास आधीं लावलेला जुना बिल्ला प्रणाली आपल्या हातीं परत देते, तो जपून ठेवावयाचा. अक्षरें काढून झालीं कीं जुना बिल्ला पुन्हा फलकास लावावयाचा, आणि आपला बिल्ला 'डिलीटऑब्जेक्ट' म्हणून प्रणालीस परत करावयाचा. नवशिक्याच्या हातून बहुतेक वेळां हें शेवटचें पाऊल राहतें. अक्षर पडद्यावर दिसलें कीं काम झालें असें त्यास वाटतें, आणि खरोखर त्या क्षणीं कांहीं बिघडलेलेंही नसतें.

बिघाड कसा सांचतो तें गणितानें पाहूं. समजा, एका विद्यार्थ्यानें चौदा तालुक्यांची यादी दाखविणारी खिडकी केली. प्रत्येक नांव काढतांना तो नवा फाँट मागतो व परत करीत नाहीं. खिडकी एकदां रंगली कीं चौदा बिल्ले खर्ची पडले. त्यानें खिडकीच्या कोपऱ्यांत सेकंदांचें घड्याळही घातलें असून दर सेकंदास सगळी खिडकी पुन्हा रंगते असें धरूं. विंडोजमध्यें एका आज्ञावलीस असे बिल्ले सामान्यतः १०,००० पर्यंतच मिळतात, आणि त्यांत फाँटांखेरीज रंगाचे कुंचले, लेखण्या व चित्रें हींही मोजलीं जातात. केवळ फाँट धरले तरी १०,००० स १४ नें भागल्यास ७१४ येतात. ७१४ सेकंद म्हणजे ११ मिनिटें ५४ सेकंद. बारा मिनिटें भरण्यापूर्वींच पुढची विनंती नाकारली जाते. त्यानंतर खिडकीचे भाग कोरे अथवा काळे राहूं लागतात, अक्षरें भलत्याच ठशांत उमटतात, बटनें दिसेनाशीं होतात. खिडकी बंद करून आज्ञावली पुन्हा सुरू केली कीं सगळें पूर्ववत्, कारण आज्ञावली संपतांच प्रणाली तिचे सर्व बिल्ले स्वतः काढून घेते. या सोयीमुळेंच हा दोष दीर्घकाळ लपून राहतो. रचणारा आपली आज्ञावली पांच मिनिटें चालवून पाहतो व समाधान पावतो. शाळेचा लेखनिक निकालाच्या दिवशीं ती सकाळीं उघडतो ती सायंकाळपर्यंत मिटीत नाहीं, व नेमकें त्याच्याच पुढें ती मान टाकते. घड्याळ नसलें तर बारा मिनिटांऐवजीं चार तास लागतील, एवढाच फरक.

याचा त्रास शेजाऱ्यासही होतो. एका वापरणाऱ्याच्या बैठकींत चालूं असलेल्या सर्व आज्ञावलींस मिळून ६५,५३६ ची मर्यादा आहे. म्हणून अशा दोन-चार खादाड आज्ञावली एकत्र चालल्या कीं निर्दोष आज्ञावलीसही फाँट मिळेनासा होतो. विंडोजच्या १९९० च्या सुमारच्या आवृत्तींत तर या खात्याचें मुख्य कोठार अवघें ६४ किलोबाइटांचें असून तें सर्वांत सामाईक होतें. त्या काळच्या रचनाकारांस काटकसर आपोआप अंगवळणी पडली होती. हल्लीं कोठार मोठें झालें, आणि संवय सुटली.

उपाय कठीण नाहीं. चौदा नांवांस चौदा फाँट लागतच नाहींत. एक नांव, एक उंची व एक जाडी यांस एक फाँट पुरतो. खिडकी जन्मास येतांना तो मागून घ्यावा, सर्व ओळींस तोच वापरावा, आणि खिडकी नष्ट होतांना परत करावा. ठळक मथळ्यासाठीं दुसरा लागला तर दुसरा. अशा रीतीनें दिवसभर रंगरंगोटी चालली तरी बिल्ल्यांचा आकडा एक किंवा दोनच राहतो. रंगविण्याच्या भागांत फाँट मागूं नये, एवढा नियम पाळला तरी निम्मे दोष नाहींसे होतात.

परत करण्याची घाईही घातक आहे, हें येथेंच सांगितलें पाहिजे. यादीची पेटी किंवा बटन यांस आपण फाँट नेमून देतों, तेव्हां तीं त्याचीं मालक होत नाहींत. बिल्ला आपल्याच नांवावर राहतो. पेटी अजून पडद्यावर असतांना तो परत केला तर ती पुढच्या वेळीं रंगूं लागतांच तिच्या हातीं रद्द बिल्ला येतो. म्हणून आधीं पेटी नष्ट व्हावी, मग फाँट परत जावा. तसेंच चित्रफलकास लावलेला असतांनाच बिल्ला परत करूं नये. जुना परत लावण्याचें पाऊल वर सांगितलें तें याचसाठीं. जे फाँट प्रणाली स्वतःहून सर्वांच्या उपयोगासाठीं तयार ठेवते, ते आपण मागून घडविलेले नसल्यामुळें परत करण्याचा प्रश्नच येत नाहीं. जावा-सारख्या भाषांत स्मृतीची झाडलोट आपोआप होते, त्यामुळें हा हिशेब आपल्यामागें नाहीं असें मुलें मानतात. परंतु जावांतीलच एसडब्ल्यूटी या साधनसंचांत प्रणालीकडून घेतलेला फाँट रचणाऱ्यानें स्वतः 'डिस्पोज' असें लिहून सोडावा, असा नियम आहे. जो घडवील त्यानेंच मोडावा. भाषा बदलली म्हणून उसनवारी बदलत नाहीं. फक्त कोठें ती उघड दिसते व कोठें झांकलेली असते.

आतां मागितलेलाच फाँट मिळतो कीं काय? येथें प्रणालीचा शिष्टाचार आपणांस फसवितो. नांवानें मागितलेला फाँट त्या संगणकावर नसला, तरी 'क्रिएटफाँट' नकार देत नाहीं. जवळपासचा दुसरा एखादा मुकाट्यानें देतें. याचें मराठी लोकांस ठाऊक असावें असें उदाहरण म्हणजे 'मंगल'. मुंबईचे सुलेखनकार व अक्षररचनाकार प्रा. र. कृ. जोशी (१९३६–२००८) यांनीं रचलेला हा नागरी फाँट विंडोज २००० बरोबर आला, व पुढें कित्येक वर्षें मराठी आज्ञावली डोळे मिटून 'मंगल' असेंच मागत राहिल्या. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, भारतीय लिप्यांसाठीं 'निर्मला' हा फाँट आला. आणि २०१५ च्या विंडोज १० मध्यें 'मंगल' हा पुरवणी फाँटांत गेला, म्हणजे तो प्रत्येक संगणकावर असेलच असें राहिलें नाहीं. जुनी आज्ञावली नव्या संगणकावर 'मंगल' मागते, तिला दुसराच फाँट मिळतो, त्याच्या अक्षरांची रुंदी निराळी, आणि गुणपत्रकांतील लांब आडनांव चौकटीबाहेर जातें. म्हणून फाँट फलकास लावल्यावर प्रत्यक्षांत कोणता मिळाला हें 'गेटटेक्स्टफेस' या विनंतीनें विचारून घ्यावें.

याहून खात्रीची रीत म्हणजे फाँटाची फाइल आपल्या आज्ञावलीबरोबर नेणें. मात्र तसें नेण्याची परवानगी आहे कीं नाहीं तें आधीं पाहावें. फाँट ही कोणाच्या तरी श्रमाची कृति असते. मुंबईच्या एक टाइप या मंडळीचा 'मुक्त' हा नागरी फाँट खुल्या परवान्याखालीं उपलब्ध आहे, आणि 'नोटो' मालेंतील देवनागरीही तसाच. बरोबर नेलेली फाइल 'ॲडफाँटरिसोर्सएक्स'नें उघडतांना ती केवळ आपल्यापुरतीच खासगी राहावी असें सांगतां येतें. मग ती इतर आज्ञावलींच्या यादींत डोकावत नाहीं. येथेंही सोडण्याचा क्रम आहे: त्या फाइलींतून घडविलेले बिल्ले प्रथम, फाइल मागाहून.

उंचीविषयीं दोन शब्द. फाँटाचें माप पॉइंटांत सांगतात, व ७२ पॉइंटांचा एक इंच होतो. पडद्यावर एका इंचास ९६ ठिपके धरले तर १२ पॉइंटांचा फाँट १६ ठिपक्यांचा होतो. प्रमाण १४४ धरलें तर तोच २४ ठिपक्यांचा. खिडकी एका पडद्यावरून निराळ्या प्रमाणाच्या दुसऱ्या पडद्यावर ओढली कीं फाँट नव्या मापाचा घ्यावा लागतो, आणि जुना परत करण्याचें विस्मरण होण्याची ही फार मोक्याची जागा आहे. शिवाय इंग्रजी अक्षरांच्या अंदाजानें ओळीची उंची ठरविली तर मराठींत वरचा रफार अथवा अनुस्वार आणि खालचा उकार कापला जातो. 'पाथर्डी'चा रफार गेला कीं 'पाथडी' उरतें. उंची अंदाजानें न ठरवितां मिळालेल्या फाँटासच विचारावी.

पालकांपैकीं ज्यांनीं १९९० नंतरच्या दशकांत संगणकावर मराठी लिहिलें असेल, त्यांस एक अनुभव आठवेल. त्या काळीं पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, १९८८ त स्थापन झालेल्या सी-डॅकचे फाँट, व असेच इतर संच वापरांत होते. इंग्रजी चिन्हांसाठीं असलेल्या २५६ जागांतच त्यांनीं नागरीचे तुकडे बसविले होते, आणि प्रत्येकाची मांडणी निराळी. फाइलींत खरोखर इंग्रजी चिन्हांचेच क्रमांक असत. फाँट होता म्हणून ते मराठी दिसत. तो फाँट नसलेल्या संगणकावर तीच फाइल उघडली कीं निरर्थक चिन्हांची रांग दिसे. जुने दाखले, जुन्या स्मरणिका, संस्थांचीं इतिवृत्तें अशा फाइलींत आजही पडून आहेत. युनिकोडांत फाँट हरवला तर अक्षराचें रूप जातें, मजकूर राहतो; तेथें फाँट हरवला तर मजकूरच वाचेनासा होतो. अशी फाइल वाचणारी आज्ञावली लिहावयाची असल्यास तीं चिन्हें प्रथम युनिकोडांत उतरवून घ्यावीं, आणि ज्या फाँटांत तें लिहिलें होतें त्याचें नांव नोंदवून ठेवावें. पुढील कोणाही परिवर्तकास तेंच लागतें. युनिकोडांतही भर पडत असते. 'ॲ' हें अक्षर स्वतंत्र क्रमांकानें, म्हणजे २४१८ वर, २००८ सालीं आलें. त्यापूर्वींच्या फाँटांत तें नसणारच, व त्याच्या जागीं रिकामा चौकोन दिसला तर आज्ञावलींत चूक शोधीत बसूं नये.

ज्यांस हें सर्व करून पाहावयाचें असेल त्यांनीं चौदा तालुक्यांच्या यादीचीच खिडकी करावी. विंडोजमधील टास्क मॅनेजर उघडून त्याच्या 'डीटेल्स' या पानावर 'जीडीआय ऑब्जेक्ट्स' हा स्तंभ दाखविण्यास सांगावें, व आपल्या आज्ञावलीपुढील आकडा कागदावर टिपून घ्यावा. नंतर खिडकीचा आकार पन्नास वेळां लहानमोठा करावा, आणि पुन्हा आकडा पाहावा. तो जवळजवळ तेथेंच असला तर हिशेब बरोबर आहे. दर रंगविण्यागणिक चौदानें वाढत असला तर प्रत्येक ओळींत फाँट मागितला जात आहे. एकानें वाढत असला तर रंगविण्याच्या आरंभीं मागितलेला एक परत जात नाहीं. आणि एरवीं स्थिर राहून केवळ पडद्याचें प्रमाण बदलतांच वाढत असला तर जुन्या मापाचा फाँट कोठें सुटला तें त्याच जागीं शोधावें.